घाऊक किराणा दुकानाचा हिशेब: एक्सेल पुरे की भाड्याचं ऑनलाइन सॉफ्टवेअर?
(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

रोजमेळ
वर्षाला अडीच कोटींची उलाढाल, दोनेकशे पार्ट्या, महिन्याला तीनशे बिलं. एवढ्या घाऊक किराणा धंद्याला ऑनलाइन हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणारे तीन गोष्टी सांगतात: हिशेब कुठूनही बघा, रिटर्न एका क्लिकवर भरा, डोकेदुखी विसरा. माझ्या मते पहिली खरी, दुसरी अर्धी खरी आणि तिसरी साफ खोटी.

ई-इनव्हॉइसची (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाची) सक्ती 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींच्या वरच्यांना आहे, म्हणजे इथे तो प्रश्नच नाही. राहिलं काय? विक्रीची बिलं, उधारीची यादी आणि महिन्याच्या 14 तारखेला जीएसटी पोर्टलवर येणाऱ्या 2बी शी (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून बनलेल्या यादीशी) खरेदीची जुळणी. खरं काम या जुळणीचंच आहे आणि ते एक्सेलमध्ये होतं. पोर्टलवरून 2बी ची एक्सेल फाइल उतरवा. तिच्यात आणि आपल्या खरेदीच्या शीटमध्ये एकेक जादा कॉलम घाला: जीएसटीआयएन (विक्रेत्याचा जीएसटी नंबर) आणि बिल नंबर एकाला एक जोडून. जोडण्याआधी बिल नंबरातल्या तिरक्या रेघा, डॅश आणि पुढची शून्यं काढून टाका, कारण समोरचा ‘0045’ लिहितो आणि आपला पोऱ्या ‘45’. मग दोन्हीकडच्या कराची समइफ्सने (अट जुळणाऱ्या सगळ्या ओळी मिळवणाऱ्या सूत्राने) बेरीज घेऊन वजाबाकी करा. रुपयाच्या आतला फरक सोडून द्या, बाकीच्यांना फोन. व्हीलुकअप (जुळणारी ओळ शोधणारं सूत्र) इथे वापरू नका. एकाच बिलात 5 आणि 18 टक्के असा दोन दरांचा माल असेल तर तो पहिलीच ओळ उचलतो.

फोन कुठल्याच सॉफ्टवेअरला करता येत नाही. मग भाडं कशाचं द्यायचं?

खतावणी
जुळणीची पद्धत बरोबर आहे, निष्कर्ष नाही. एक्सेल हिशेबाचं साधन नाही. ते आकडेमोडीचं आहे, आणि त्यातही स्वतःची अक्कल चालवणारं.

साधं तूप घ्या. एचएसएन (मालाचा जीएसटीतला कोड) 0405. साध्या सेलमध्ये टाइप केलं की 405 होतं. कॉलम टेक्स्ट करून शून्य वाचवलं, सीएसव्ही (नुसत्या मजकुराची फाइल) काढली आणि ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून तीच फाइल डबल-क्लिकने उघडून सेव्ह केली, की शून्य पुन्हा गेलं. मिरची 0904, हळद 0910, चहा 0902. किराणा दुकानातला निम्मा माल शून्यानेच सुरू होतो. बिल नंबर 12-7 असेल तर त्याची तारीख होते, आणि नंतर तो सेल टेक्स्ट केला तरी मूळ नंबर येत नाही, पाच आकडी भलताच आकडा दिसतो.

हे किरकोळ म्हणा. मोठा घोळ 22 सप्टेंबर 2025 चा. त्या दिवशी तूप 12 वरून 5 टक्क्यांवर आलं, साबण आणि टूथपेस्ट 18 वरून 5 वर. बहुतेक एक्सेलवाल्यांच्या फाइलमध्ये एक दरांची शीट असते आणि बिलातला कर तिथून सूत्राने येतो. दरांच्या शीटमध्ये 12 चे 5 केले की एप्रिलपासूनची सगळी तुपाची बिलं मागे जाऊन बदलली. लाखाच्या बिलावर 12,000 भरलेत आणि शीट आता 5,000 दाखवते. रिटर्न आधीच गेलेलं आहे, त्यामुळे हे कळतं वार्षिक रिटर्नच्या वेळी.

टॅलीत (आपल्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरात) दर ‘या तारखेपासून लागू’ असा नोंदवता येतो आणि जुन्या व्हाउचरमधली (नोंदीमधली) रक्कम जागेवर राहते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला पैसे द्यायचे ते यासाठी.

रोजमेळ
हा दोष एक्सेलचा नाही, फाइल बांधणाऱ्याचा आहे. दरांच्या शीटला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन कॉलम हवेत, आणि बिल छापलं की ती ओळ कॉपी करून ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने गोठवायची. शून्यासाठी सीएसव्ही कधीच डबल-क्लिकने उघडू नये. ‘डेटा’ मेन्यूतून आयात करून एचएसएनचा कॉलम टेक्स्ट ठरवायचा. नव्या एक्सेलमध्ये शून्य खाण्याची खोड ऑप्शन्समधून बंदही करता येते.

आणि सॉफ्टवेअर दर ‘आपोआप’ बदलतं या भ्रमात कोणी राहू नये. आयटम मास्टरमध्ये (मालाच्या मूळ यादीत) तुपाचा एचएसएन चुकला असेल, तर ते चुकीचा दर इमानेइतबारे लावत राहतं. 10 सप्टेंबरला विकलेलं तूप ऑक्टोबरमध्ये परत आलं तर क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाच्या वजावटीची चिठ्ठी) 12 टक्क्यांनीच निघायला हवी. मास्टरमधला आजचा दर उचलून 5 ने काढली की चूक झालीच. तिथेही डोळे माणसाचेच लागतात.

दोन_गोडाऊन
रोजमेळ, तुमची फाइल तुम्ही बसेपर्यंत ठीक. ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करायला विसरणारा मुलगा काउंटरवर बसला की काय? एक माणूस, एक कॉम्प्युटर असेल तोवर एक्सेल गोड वाटतं. मार्केट यार्डात गाळा, गावाबाहेर गोडाऊन आणि हिशेबनीस तिसरीकडे, अशी मांडणी असली की फाइल व्हॉट्सअॅपवर फिरते. ‘विक्री_फायनल’, मग ‘विक्री_फायनल_2’, मग ‘विक्री_खरंच_फायनल’. कोणत्या फाइलमध्ये पार्टीचे पैसे जमा केले हे शोधण्यात संध्याकाळ जाते. गुगल शीटवर टाकलं तर फाइल एकच राहते हे मान्य, पण सॉर्ट करताना एकच कॉलम निवडला की नावं एकीकडे आणि रकमा दुसरीकडे. व्हर्जन हिस्ट्रीतून परत आणता येतं, पण चूक झाली हे आधी लक्षात यायला पाहिजे ना.

शिवाय चूक आता महाग झाली आहे. जुलै 2025 च्या कालावधीपासून जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) मधून 3बी (कर भरण्याचं रिटर्न) मध्ये आपोआप येणारी कराची देयता हाताने बदलता येत नाही. दुरुस्ती जीएसटीआर-1ए मधून, तीही 3बी भरण्याआधी. पूर्वीसारखं ‘3बी त सांभाळून घेऊ’ चालत नाही. नोंद होतानाच अडवणारं काहीतरी हवं: जीएसटीआयएन 15 अक्षरांचा आहे का, पहिले दोन आकडे 27 (म्हणजे महाराष्ट्र) असताना बिलात आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा कर) का लागला. ऑनलाइन सॉफ्टवेअर हे करतं आणि तिन्ही ठिकाणी एकच हिशेब दिसतो.

कऱ्हाडकर
मराठीत नावं टाकणाऱ्यांसाठी थोडं विषयांतर. ‘कऱ्हाड’ आणि ‘कर्‍हाड’ स्क्रीनवर सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर टाकतात, काही ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक. लांबी मोजणाऱ्या सूत्राला विचारा: पहिला 6 भरतो, दुसरा 7. मग एकाच पार्टीची दोन खाती होतात आणि उधारी अर्धी-अर्धी दिसते. यात एक्सेल आणि ऑनलाइन दोघंही फसतात. पार्टीला कोड नंबर द्या आणि जुळणी कोडवर करा, नावावर नको.

जुना मजकूर कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा. नाहीतर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर पार्टीच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते.

ताळेबंद
सगळे नोंद कशी करायची यावर भांडताहेत. नोंदी बाहेर कशा काढायच्या हे कोणी विचारत नाही. जीएसटी कायद्यात हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळायचा आहे. भाड्याचं सॉफ्टवेअर तिसऱ्या वर्षी सोडलं तर पहिल्या वर्षाच्या नोंदी कुठे असतील? पीडीएफमध्ये असतील तर त्या कागदाच्याच तोलाच्या. टॅलीचा परवाना एकदाच पैसे भरून कायमचा घेता येतो. वार्षिक नूतनीकरण थांबवलं तर नव्या आवृत्त्या बंद होतात, पण जुना डेटा उघडतो. माझं मत टॅलीकडे झुकतं ते यामुळे, जरी त्याचा चेहरामोहरा कोणाला आवडत नसला तरी.

पण टॅलीवाल्यांनाही एक सांगणं. डेटाचं चालू फोल्डर गुगल ड्राइव्हच्या सिंकमध्ये ठेवू नका. दोन यंत्रांवर उघडं राहिलं की अर्धवट फाइल वर चढते आणि डेटा बिघडतो. संध्याकाळी कंपनी बंद करा, बॅकअप घ्या आणि ती बॅकअपची फाइल ड्राइव्हवर टाका. आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर, आणि तो काढून ठेवा. लावलेला पेनड्राइव्ह रॅन्समवेअरच्या (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) तावडीत यंत्राबरोबरच सापडतो.

रोजमेळ
72 महिन्यांचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा. एक्सेलची फाइल कोणाच्या भाड्यावर नाही. दोन_गोडाऊन यांचं एक मात्र मान्य: तीन ठिकाणी कारभार असेल तर एक्सेल नको. एका जागी एका हाताने चालणाऱ्या दुकानाबद्दल माझं मत बदललेलं नाही.

दोन_गोडाऊन
ताळेबंद, ऑनलाइनवाल्यांकडून नेमकं काय मागायचं? ‘एक्सपोर्ट आहे’ असं सगळेच सांगतात.

ताळेबंद
चार गोष्टी. सगळी व्हाउचर एकाच उतरवणीत, प्रत्येक ओळीत तारीख, नंबर, खातं, ‘नावे’ (डेबिट) आणि ‘जमा’ (क्रेडिट) रक्कम. आयटम मास्टर एचएसएन आणि दरांच्या तारखांसकट. पार्ट्यांच्या यादीत बिलवार बाकी, नुसती एकूण नको. आणि जोडलेली खरेदी बिलं नावांसकट, नुसत्या नंबरांच्या फाइलींचा ढीग नको. मोफत चाचणीच्या दिवसांतच पन्नास बिलं टाका, हे चारही उतरवा, टॅलीत रिकामी कंपनी काढून आयात करा आणि दोन्हीकडची तेरीज (ट्रायल बॅलन्स) ताडून बघा. पैशाचाही फरक आला तर वर्षाचे पैसे एकदम भरू नका, महिन्याच्या बोलीवर घ्या.