१४ इंची लॅपटॉपवर स्कॅन आणि डॉक्स शेजारी-शेजारी : जागा कशी काढायची?

कानामात्रा
जुन्या पुस्तकाचं स्कॅन डावीकडे, गूगल डॉक्समधला टंकलेला मजकूर उजवीकडे, असं ताडून बघायचं काम आहे. लॅपटॉप १४ इंची, फुल एचडी, विंडोज ११, दोन्हीकडे क्रोम. खिडक्या निम्म्या-निम्म्या लावल्या की डॉक्सचं पान उजवीकडे कापलं जातं आणि खाली जेमतेम दहा-बारा ओळी दिसतात. झूम कमी केला तर रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, मग मुद्रितशोधन कसलं! दुसरा मॉनिटर घ्यायचा नाहीये. काय करता येईल?

खिडकीवाला
सेटिंग्ज > सिस्टीम > डिस्प्लेमध्ये स्केल (अक्षरं-चिन्हं किती मोठी दाखवायची ते प्रमाण) किती आहे ते आधी बघा. १४ इंची फुल एचडीला विंडोज बहुधा १५० टक्के ठेवतं. म्हणजे पडदा १९२०×१०८० चा असला तरी प्रोग्रॅमच्या हाती १२८०×७२० च येतात. त्याचे निम्मे ६४०. डॉक्समधलं ए४ पान १०० टक्क्यांना ७९४ पिक्सेल रुंद असतं, ते ६४० मध्ये मावणार कुठून?

उंचीचंही तेच. ७२० मधून टास्कबारचे ४८ गेले, टॅब आणि पत्त्याची पट्टी मिळून ८० च्या वर, बुकमार्कची पट्टी तीसेक, डॉक्सचा मेनू, टूलबार आणि रूलर धरून शंभरावर. मजकुराला साडेचारशेच्या आसपास उरतात.

स्केल १२५ करा. १५३६×८६४ मिळतात, अर्धी खिडकी ७६८ ची. थेट १०० वर जाऊ नका, १४ इंचावर मेनू वाचताना डोळे दुखतील. बुकमार्कची पट्टी कंट्रोल+शिफ्ट+बी ने जाते, हवी तेव्हा त्याच कळांनी परत येते.

मुद्राराक्षस
स्केल बदला, पण खरी मेख झूममध्ये आहे. अक्षरं लहान न करता फक्त भोवतालचा पसारा लहान करता येतो, कारण डॉक्सला दोन झूम आहेत. कंट्रोल आणि उणे दाबून होतो तो ब्राउझरचा. त्याने टूलबारसकट सगळं आक्रसतं. टूलबारवर टक्क्यांचा चौकोन आहे तो डॉक्सचा स्वतःचा; त्याने फक्त कागद लहान-मोठा होतो. ब्राउझरचा ८० ठेवा आणि डॉक्सचा १२५. ०.८ गुणिले १.२५ म्हणजे १, तेव्हा अक्षर होतं तेवढंच राहतं आणि मेनू-टूलबारचा पाचवा हिस्सा वाचतो. चौकोनात १२५ हाताने टाइप करता येतं.

एक खोच आहे. क्रोम झूम साइटनुसार लक्षात ठेवतो आणि शीट्सही डॉक्सच्याच पत्त्यावर चालतं. त्यामुळे तिथलेही रकाने अचानक बारीक दिसले तर घाबरू नका.

आता पान कापलं जाण्याचं. फाइल > पेज सेटअप > पेजलेस निवडा. मग ओळी खिडकीच्या रुंदीला वळतात, आडवा स्क्रोल संपतो. व्ह्यू > टेक्स्ट विड्थमध्ये 'वाइड' घेतलंत तर कडेची पांढरी जागाही कमी होते. पृष्ठांक, शीर्षओळी दिसेनाशा होतात, पण पुन्हा 'पेजेस' केलं की परततात. हा बदल फाइलला लागतो, तुमच्या एकट्याच्या पडद्याला नाही. फाइल लेखकाशी शेअर केलेली असेल तर त्यांना आधी सांगा, नाहीतर "पानं कुठे गेली?" म्हणून फोन येईल.

शेवटी कंट्रोल+शिफ्ट+एफ. वरची मेनूची ओळ लपते, टूलबार राहतो.

पोथीनिष्ठ
खिडक्या वर-खाली का लावत नाही? विंडोज+आल्ट+वरचा बाण, दुसरीला खालचा बाण. ओळ पूर्ण रुंदीत दिसते, नजर सरळ खाली उतरते.

खिडकीवाला
पोथीचं आडवं स्कॅन असेल तर अगदी बरोबर, तिथे हीच मांडणी योग्य. उभ्या पुस्तकाला नाही. १२५ वरसुद्धा टास्कबार वजा जाता ८१६ उरतात, प्रत्येकी ४०८. त्यातून क्रोमचे ८०, डॉक्सचे आणखी शंभर वजा करा. सात-आठ ओळींसाठी कुणी बसेल का?

कानामात्रा
स्केल १५० च निघालं. १२५, पेजलेस आणि दोन झूम केले, आता ओळी भरपूर दिसतात. पण स्कॅनची अक्षरं अजून बारीक आहेत. आणि टास्कबार आपोआप लपेल असं केलं होतं, तर तो मध्येच वर येऊन बसतो आणि जातच नाही.

मुद्राराक्षस
टास्कबार अडतो तो बहुतेक एखादा प्रोग्रॅम लक्ष वेधून घेत असतो म्हणून. ज्याचं चिन्ह रंगलेलं दिसेल त्यावर एकदा टिचकी मारा, मग लपेल. चॅटचा प्रोग्रॅम असेल तर काम होईपर्यंत बंदच ठेवा.

स्कॅनमधली जागा समास खातात. २१० मिमी रुंद पानात मजकूर १६० मिमी असेल, तर 'फिट टू विड्थ' केल्यावर आणखी सुमारे ३० टक्के मोठं करायला वाव आहे. आधी क्रोमच्या पीडीएफमधली छोट्या पानांची डावी पट्टी बंद करा. मग मजकुराच्या कडा खिडकीला टेकेपर्यंत कंट्रोल आणि अधिक दाबा. सम-विषम पानांचा शिवणीकडचा समास वेगळा असतो, म्हणून पान उलटल्यावर थोडं सरकवावं लागेल. शिफ्ट धरून माउसचं चाक फिरवलं की पान आडवं सरकतं.

आणि निम्मं-निम्मंच हवं असं कुठे आहे? दोन खिडक्यांमधली रेघ धरून ओढली की दोन्ही एकदम बदलतात. पेजलेस मजकूर अरुंद खिडकीतही वळतो, स्कॅन वळत नाही, तेव्हा रुंद बाजू स्कॅनला द्या. क्रोमची खिडकी साधारण ५०० पिक्सेलच्या खाली जात नाही, तिथे रेघ अडेल.

खिडकीवाला
टॅब वर न ठेवता कडेला उभे लावायचा सल्ला कुणी दिला तर अर्ध्या खिडकीत तो घेऊ नका. तिथे रुंदीचीच टंचाई आहे. त्यापेक्षा डॉक्सची फाइल उघडी ठेवून क्रोमच्या तीन टिंबांतून 'कास्ट, सेव्ह अँड शेअर' मध्ये जा आणि 'इन्स्टॉल पेज ॲज ॲप' निवडा, म्हणजे फाइल स्वतंत्र खिडकीत उघडते. टॅब आणि पत्ता दोन्ही जाऊन नुसती शीर्षकपट्टी उरते. उंचीत आणखी दोन ओळी सहज निघतात.