मदत हवी आहे: तांब्याच्या ईपीआरमध्ये चार रेषा सुटत नाहीत

तांबे(२) संकुलाचा (तांब्याचा आयन आणि त्याला जोडलेले रेणू) एक्स-बँड (सुमारे ९.५ गिगाहर्ट्झ) ईपीआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात एकट्या इलेक्ट्रॉनने सूक्ष्मलहरी शोषल्याचा वर्णपट, ७७ केल्विनला, पाण्यात गोठवून घेतोय. तांब्याच्या केंद्रकाचा स्पिन ३/२, म्हणजे जी-समांतर भागात (चुंबकीय क्षेत्र रेणूच्या मुख्य अक्षाला समांतर असतानाचा वर्णपटाचा भाग) चार रेषा दिसायला हव्यात. मिळतोय एकच रुंद उंचवटा. मॉड्युलेशन (मोजताना चुंबकीय क्षेत्राला दिलेला छोटा हेलकावा) १० वरून २ गाऊसवर आणलं, सूक्ष्मलहरींची पॉवर उतरवली, द्रावण ५ वरून ०.५ मिलिमोलर केलं, फरक शून्य. रिकाम्या नळीत काही सिग्नल दिसत नाही.

गोठल्यावर द्रावण काचेसारखं पारदर्शक न राहता पांढरंफटक पडतं. माझा संशय तिथेच आहे: पाण्याचे स्फटिक होताना संकुलाचे रेणू एकमेकांजवळ ढकलले जात असावेत आणि त्यामुळे रेषा रुंद होऊन मिसळत असाव्यात. पण संकुल पाण्याशिवाय कशातच विरघळत नाही आणि काचेसारखं गोठावं म्हणून ग्लिसरॉल घातलं तर ते तांब्यालाच जाऊन चिकटेल अशी भीती वाटते. द्रव हेलियमची सोय नाही.

किती टक्के ग्लिसरॉल चालेल, की सरळ जस्ताच्या समरूप संकुलात (जस्ताला ईपीआर सिग्नल नसतो) १ टक्का तांबं मिसळून पावडर मोजू?