मदत हवी आहे - आईच्या आतड्यात अर्धवट अडथळा, जेवायला काय देऊ?

आम्ही मालवणजवळ राहतो. जुन्या ऑपरेशनमुळे आईचं आतडं एका जागी चिकटून अरुंद झालंय, पाच दिवस सलाईनवर होती, आता घरी आणलीय. डॉक्टर म्हणाले चोथा, सालं, बिया बंद, थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या, नीट चावून. पण आमच्याकडे प्रत्येक कालवणात ओलं खोबरं, त्यात दारातला फणस पिकलाय आणि ती नुसती गऱ्यांकडे बघत बसते, जीव तुटतो हो. सध्या पांढऱ्या तांदळाची मऊ पेज आणि काटे काढून पापलेट, नारळाचं दूध दोनदा गाळून त्याचं पातळ सार देतेय. उकड्या तांदळाची पेज चालेल का? कुळथाची पिठी? डायटिशियनची वेळ सोमवारची आहे, तोवर कोणाच्या घरी असं पेशंट असेल तर काय पचलं, काय बाधलं ते प्लीज सांगा.