अनुभव धागा: आयर्लंडमधली चर्चची सरकारी शाळा

लेकीला ज्युनियर इन्फंट्समध्ये, म्हणजे इथल्या प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गात, घालायचं ठरलं, तेव्हा आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "फी किती?" मी म्हटलं, काही नाही. "मग कॉन्व्हेंट कसलं ते?" पुण्यात कॉन्व्हेंट म्हणजे डोनेशन, इंटरव्ह्यू आणि टाय. इथे डब्लिनला चर्चची शाळा म्हणजे चक्क घराजवळची सरकारी शाळा. पगार सरकारचे, अभ्यासक्रम सरकारचा, आणि शाळेचा 'पेट्रन', म्हणजे शाळा ज्याच्या छत्राखाली चालते तो, बिशप.

१८३१ साली इंग्रजांनी या शाळा काढल्या, तेव्हा सगळ्या पंथांची मुलं एका वर्गात बसावीत असा बेत होता. हळूहळू शाळा पंथापंथांत वाटल्या गेल्या. पुढे १९१६ चा उठाव, स्वातंत्र्ययुद्ध आणि १९२२ साली स्वतःचं राज्य. नव्या सरकारने पोस्टाच्या लाल पेट्या हिरव्या रंगवल्या, पण शाळांना हात लावला नाही. तिजोरीत पैसा नव्हता आणि बिशपांशी वाकडं घ्यायची कुणाची इच्छाही नव्हती. आजही तीन हजारांवर प्राथमिक शाळांपैकी दहातल्या जवळपास नऊ कॅथलिक आहेत.

इथे राहणाऱ्यांनी, राहून गेलेल्यांनी लिहा. दुसरीकडे चर्चच्या शाळेत शिकलेल्यांनीही लिहा. सुरुवात मीच करते.

दुसरीचं वर्ष म्हणजे फर्स्ट कम्युनियनचं वर्ष, कॅथलिक मुलांनी चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसादाची भाकर घ्यायचा विधी. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत मुलाला धर्मशिक्षणाला न बसण्याचा हक्क १९३७ च्या राज्यघटनेतच आहे. हक्क आहे, पण बसायला दुसरी खोली नाही. आम्ही चिठ्ठी दिली आणि लेक मागच्या टेबलावर रंगवत बसायला लागली. एरवी धर्मशिक्षण रोज अर्धा तास असायचं, पण ईस्टरनंतर गाण्यांची तालीम, चर्चमध्ये जाऊन रांगेची तालीम, हात कसे जोडायचे त्याची तालीम. तिच्या दोन चित्रकलेच्या वह्या संपल्या. गाणी मात्र सगळी पाठ झाली, आंघोळ करताना म्हणायची.

मे महिन्यात मैत्रिणी पांढऱ्या झग्यात, डोक्यावर जाळी, दारात उड्या मारायला हवेने फुगवलेला बाउन्सी कासल, नातेवाइकांकडून पाकिटं. मी समजूत घातली, "अगं, ही त्यांची मुंज समज." तिने लगेच विचारलं, "मग माझी कधी?" दादाची मागच्याच वर्षी ठाण्याला झाली होती. तिथेही ती मांडवात एका बाजूला चित्रं काढत बसली होती.

वसई, आता किल्डेअर

आम्ही वसईचे ख्रिस्ती. इथल्या गणपतीत गेली कित्येक वर्षं मी मोदक वळते, तरी कुणीतरी विचारतंच, "तुम्ही ख्रिश्चन ना, मग मराठी एवढं छान कसं?" असो, त्यावर वेगळा धागा काढेन.

२०१६ साली मुलाचा अर्ज भरला. शाळेने बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. भावाने आमच्या धर्मग्रामातून, म्हणजे गावच्या चर्चमधून, काढून कुरियरने पाठवला, जागा मिळाली. शेजारी नाशिकचं कुटुंब, आमच्या आधीपासून राहणारं. त्यांचा अर्जही आमच्या आधी गेलेला. पण जागा कमी, म्हणून बाप्तिस्मा झालेली मुलं आधी. त्यांचा मुलगा रोज गाडीने दोन गावं पलीकडे जायचा. शाळा दोघांच्याही करातून चालते. सकाळी माझा मुलगा चालत शाळेत निघायचा आणि त्या वहिनी काचेवरचं बर्फ खरवडत असायच्या. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

आणि मुलाच्या वर्गातल्या निम्म्या आईबापांना मी रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला कधीही पाहिलं नाही. एकीने तर हसत सांगितलं, बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं ते शाळेसाठी. मी श्रद्धेने घेतलेला दाखला आणि तिचा दाखला, ऑफिसात दोन्ही एकाच फायलीत. २०१८ च्या कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांतली ही चाळणी गेली. वहिनींची धाकटी आमच्याच शाळेत आहे.

लेट्रिम

गावात एकच शाळा, दोन शिक्षिका, तीसेक मुलं. दुसरी शाळा शोधा म्हणणाऱ्यांनी नकाशा बघावा.

सकाळची प्रार्थना आयरिश भाषेत होते. मुलगा संध्याकाळी 'शुभंकरोति' संपवून श्वासही न घेता "इन आनिम अन आहर" सुरू करतो. नागपूरहून आजी व्हिडिओवर विचारते, "हा कोणता श्लोक रे?" आम्ही म्हटलं, आयरिश आहे. ती खूश. आम्हीही पुढे खोलात गेलो नाही.

शाळेत काम करणारी

मी कॉर्कजवळच्या एका शाळेत स्पेशल नीड्स असिस्टंट आहे, म्हणजे जास्तीची मदत लागणाऱ्या मुलांसाठी वर्गात असते. मागच्या टेबलाबद्दल वाचलं, म्हणून लिहिते. बत्तीस मुलांच्या वर्गात मोठं माणूस म्हणजे शिक्षिका आणि फार तर मी. धर्मशिक्षणाला न बसणारी चार मुलं बाहेर पाठवायची तर त्यांच्यासोबत कोण जाणार? यात बाईंचा दुष्टपणा नसतो. त्या स्वतः चर्चला जात नाहीत, हे स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी सगळ्यांना माहीत असतं. पण कॅथलिक प्राथमिक शाळेत नोकरी हवी तर धर्मशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे एमएससीआयटी करून ठेवतात तसं त्यांनी ते कॉलेजातच करून ठेवलेलं.

एक सुचवते. चिठ्ठीत नुसतं "बसणार नाही" लिहू नका, त्या वेळात काय करायचं ते द्या. वाचायचं पुस्तक द्या, मराठीची वही द्या. रंगीत खडूंना मुलं आठवडाभरात कंटाळतात आणि मग टेबलाखाली शिरतात. एका पोलिश मुलाला मी तिथूनच बाहेर काढलं होतं.

बार्देश, गोवा

आयर्लंड पाहिलेलं नाही, पण पगार सरकारचा आणि शाळा चर्चची हे लहानपणापासून पाहिलंय. मी गावच्या चर्चच्या शाळेत इंग्रजीतून शिकत होते. १९९० मध्ये शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना ठरलं, की प्राथमिक शाळेला अनुदान हवं तर मातृभाषेतून शिकवा. चर्चच्या शाळांनी कोंकणी घेतली. सुट्टी संपवून गेलो तर तीच टीचर, तोच फळा आणि वर देवनागरी. तिची पंचाईत अशी की तिने जन्मभर कोंकणी रोमी लिपीत लिहिलेली. आम्हा हिंदू पोरांना घरी मराठी पेपर वाचायची सवय, त्यामुळे 'क्ष' कसा काढायचा ते दाखवायला ती मला फळ्यापाशी उभं करायची. शाळेत एवढा भाव मला नंतर कधी मिळाला नाही.

कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या, तासाला आम्ही दुसऱ्या खोलीत, मॉरल सायन्सला. वर वाचून कळलं की ती दुसरी खोली ही चैन होती.

२०११ मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान दिलं, तेव्हा गोव्यात रान पेटलं होतं. आमच्या घरात जेवणाच्या पाटावर दोन पक्ष होते, बाबा एकीकडे, धाकटा काका दुसरीकडे.

निवृत्त डॉक्टर

मी १९७८ मध्ये इथे आलो. पश्चिमेकडच्या एका लहान गावात दवाखाना होता. मुलगा ब्रदरांच्या, म्हणजे कॅथलिक धर्मबंधूंच्या, शाळेत. तिथे छडी चालायची, देशभर चालायची, १९८२ मध्ये बंद झाली. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, मीही सोलापुरात भरपूर खाल्ली होती. हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

एक पेशंट होता, साठी उलटलेला, मजुरी करणारा. बोटातून रक्त घ्यायचं म्हणून मी म्हटलं, "हात पुढे करा." त्याने तळवा वर केला, हात ताठ केला, मान फिरवून डोळे मिटले. मी त्याचं बोट धरेपर्यंत तसाच उभा. मला वाटलं, सुईला घाबरतो. दर वेळी तसंच. मी त्याची थट्टाही केली होती.

२००९ मध्ये न्यायमूर्ती रायन यांच्या आयोगाचा अहवाल आला. धर्मसंस्थांनी चालवलेल्या औद्योगिक शाळांत, जिथे गरीब आणि अनाथ मुलं ठेवत, तिथे काय चालायचं त्याचे खंडच्या खंड. तो लहानपणी कुठे होता, हे मी त्याला कधी विचारलं नाही. अहवाल आला तोवर तो गेला होता.

डब्लिन, एज्युकेट टुगेदर

आमची शाळा कोणत्याच चर्चची नाही. १९७८ मध्ये डॉकीला पालकांनी अशी पहिली शाळा उभी केली, त्या माळेतली. नंबर लागायला दीड वर्ष गेलं. दिवाळी, ईद, ज्यूंचा हनुका, सगळं होतं. दिवाळीला दरवर्षी रांगोळी काढायला मलाच बोलावतात. मला ठिपक्यांची सोडून येत नाही, पण तिथे कुणाला कळतंय!

कम्युनियनची तयारी शाळेच्या वेळात नसते. शाळा सुटल्यावर कॅथलिक पालक त्याच हॉलमध्ये आपापल्या मुलांची करून घेतात, बाकीची घरी जातात. आमची लेक थांबते. विचारलं तर म्हणते, तिथे बिस्किटं असतात.