मुलाच्या ताब्याची केस वकिलाशिवाय लढावी का?

एकटा_बाबा:
माझं मत लढावी. फॅमिली कोर्ट अ‍ॅक्ट १९८४ चं कलम १३ बघा, वकील तिथे हक्क म्हणून मिळतच नाही, कोर्टाची परवानगी लागते, म्हणजे कायद्यालाच वाटतं की नवराबायकोने स्वतः बोलावं. दीड वर्ष मी माझी केस स्वतः चालवतोय. आधीच्या वकिलांना चार तारखांनंतरही मुलगी कितवीत आहे माहीत नव्हतं, तिला दम्याचा पंप कधी लागतो, रात्री कोण उठतं हे मीच सांगितलं तेव्हा जजसाहेबांनी उलट दोन प्रश्न विचारले, तोवर तिच्याबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं.

सायली_आई:
दादा, दुसरी बाजू पण ऐका. माझ्या नवऱ्याने वकील लावला नव्हता, मी पण नाही. माझी उलटतपासणी त्यानेच घेतली, ज्या माणसाला घाबरून मी घर सोडलं तोच समोर उभा राहून विचारतोय, मुलाला सोडून कामावर जाता हे खरं का, मी हो म्हणाले आणि घरात माझी आई असते हे सांगायचं राहूनच गेलं, उत्तर तेवढंच टाईप झालं. बायकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हे मला नंतर कळलं.

एकटा_बाबा:
वाईट वाटलं ताई. पण माझ्यासारख्याने प्रत्येक तारखेची फी कुठून आणायची? आणि कलम १४ मुळे पुराव्याचे नियम इथे सैल आहेत, साधा माणूसही कागद देऊ शकतो.

निवृत्त_कोर्टक्लार्क:
कागद घेतात, वजन किती द्यायचं ते कोर्ट ठरवतं. मी वर्षानुवर्षं बघितलंय, स्वतः उभे राहणारे समोरच्याच्या चुकांची चाळीस पानं देतात आणि मुलाचा दिवस कसा जातो, शाळेत कोण सोडतं, आजारपणात कोण असतं याचं एक पान नसतं. निकाल मुलाच्या हितावर होतो हो. दर तारखेचा रोजनामा, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं याची नोंद, वाचा, नक्कल काढा. आणि भेटीसाठी वेगळा अंतरिम अर्ज द्या, मुख्य केस संपायची वाट बघू नका.

सायली_आई:
दादा, तुमच्या मुलीच्या आईची उलटतपासणी पण तुम्हीच घेणार का?

एकटा_बाबा:
गुरुवारी आहे. चौतीस प्रश्न लिहून ठेवलेत. तुमचं वाचल्यापासून वही उघडली नाही. तेवढ्या एका दिवसापुरता कुणी वकील उभा राहील का बघतो, पण मुलीबद्दल मीच बोलणार.