पिढ्यांना कोण जोडते: शिजवणे की एकत्र जेवणे?

मूळ मत
एकत्र जेवल्याने कुटुंब जवळ येते, हे आपण सगळेच म्हणतो. पण माझ्या मते पिढ्यांना जोडण्याचे काम ताटापेक्षा चुलीपाशी अधिक होते. लिहून ठेवलेल्या पाककृतीत ‘चवीपुरते मीठ’ असते आणि ‘खमंग वास येईपर्यंत परता’ असेही असते. मात्र ‘पुरते’ म्हणजे किती आणि ‘खमंग’ म्हणजे नेमका कोणता वास, हे जाणत्याच्या शेजारी उभे राहिल्याशिवाय उमगत नाही. ज्या आजीला आणि नातवाला एरवी बोलायला विषय सापडत नाही, त्यांच्या हातांना एकच काम दिले की त्यांचे गप्प राहणेही अवघड वाटेनासे होते. रोजचे जेवण बाहेरून मागवणारे घर ही सोबत गमावते.

प्रतिसाद १ : असहमत
शेजारी उभे राहण्याची सक्ती कोणावर झाली, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. बहुतेक घरांत मुलीला शिकण्यासाठी हाक मारली गेली आणि मुलाला जेवण तयार झाल्यावर. ज्या आजीच्या हाताच्या चवीचे आपण गोडवे गातो, तिला स्वयंपाकाची आवड होती का, हे तिला कोणी विचारले होते? जोडते ते एकत्र बसणेच, आणि त्यासाठी कोणी राबायला हवे असे नाही. अमेरिकेतील एका मोठ्या शहराच्या अग्निशमन दलाचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या तुकड्या एकत्र जेवत, त्यांची कामगिरी वरिष्ठांच्या मते अधिक चांगली होती. तिथे ना रक्ताचे नाते होते, ना आजीचा हात.

मूळ लेखकाचे उत्तर
उदाहरण चांगले आहे, पण ते माझ्या बाजूचे आहे! ते जवान वर्गणी काढतात, काय करायचे ते ठरवतात, स्वतः शिजवतात आणि भांडीही घासतात. सक्तीचा आपला आक्षेप मात्र मला मान्य आहे: त्यांच्यात कामाची वाटणी असते आणि आपल्या घरांत ती नसते. म्हणून स्वयंपाक सोडायचा की वाटून घ्यायचा, एवढाच प्रश्न उरतो.

प्रतिसाद २
चव चुलीच्याही आधी पोहोचते. ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांच्या 2001 मधील अभ्यासात, ज्या मातांनी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत किंवा स्तनपानाच्या काळात गाजराचा रस घेतला होता, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीचे अन्न खाताना नापसंतीचे हावभाव कमी दाखवले. मात्र चवीचा वारसा मिळाला म्हणजे जिव्हाळाही मिळाला, असा अर्थ मी काढणार नाही. आईसारखेच खाणारी आणि आईशी न बोलणारी माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत.

प्रतिसाद १ : पुन्हा
वाटून घेण्यास माझी हरकत नाही, पण ‘वाटणी’ म्हणजे सुट्टीच्या दिवशी हौसेने एखादा पदार्थ करून कौतुक गोळा करणे नव्हे. उद्या काय करायचे, घरात काय संपले आहे आणि कोणाला काय चालत नाही, ही रोजची काळजी जोवर एकाच डोक्यात राहते, तोवर बाकीचे तिच्या स्वयंपाकघरात पाहुणेच असतात, मग ते कितीही वेळ शेजारी उभे राहोत.