मदत हवी आहे: भाच्याला भास होतात, घरच्यांनी काय करावं?

बहिणीच्या मुलासाठी विचारते आहे. वय १९, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. त्याच्या वडिलांना स्किझोफ्रेनिया आहे, औषधं चालू आहेत. तीन महिन्यांपासून मुलगा रात्री जेमतेम चार तास झोपतो, मित्रांशी बोलणं बंद, तीन विषय राहिले. पंख्याच्या आवाजात कुणीतरी आपलं नाव घेतं, असं आठवड्यातून दोनदा तरी म्हणतो. लगेच "भासच असेल" असंही म्हणतो. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली आहे. वडिलांची अर्धी गोळी दुधातून देऊन बघू, असं बहिणीच्या सासूबाई म्हणतात. द्यावी का?

प्रतिसाद १

अजिबात नको. वजन, साखर, सुस्ती हे धोके आहेतच, शिवाय डॉक्टरांना मूळ चित्र दिसणार नाही. आणि त्याला कळलं, तर "जेवणात काहीतरी घालतात" हा संशय तुम्हीच खरा करून दिलात!

"भासच असेल" हे तो स्वतः म्हणतो, ही फार मोलाची गोष्ट आहे. या टप्प्यावरच्या शंभरातल्या साधारण २० ते २५ जणांनाच पुढच्या दोन-तीन वर्षांत सायकोसिस होतो, म्हणजे भास-संशय पूर्ण खरे वाटू लागतात. पण झोप, अभ्यास आणि वडिलांचा आजार हे सगळं एकत्र पाहता सायकियाट्रिस्टची भेट याच आठवड्यात घ्या. आधी बहुतेकदा समुपदेशन आणि देखरेखच असते, लगेच गोळ्या असतीलच असं नाही. चिकटपट्टी बरेच जण लावतात. त्याने का लावली, ते शांतपणे विचारा.

रोजची नोंद ठेवा, त्याला सांगून. लपवलेली वही सापडली तर विश्वास गेला. किती वाजता झोपला, कधी उठला, काय ऐकू आलं, किती वेळ, त्यावर त्याला स्वतःला शंका होती का. "विचित्र वागला" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही; त्याचेच शब्द लिहा.

धागाकर्ती

तो यायला तयार नाही. "मी वेडा आहे का?" म्हणतो.

प्रतिसाद २

मग आजाराचं नाव काढूच नका. झोप लागत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही, हे त्यालाही पटतं. त्यासाठीच चला म्हणा. खोटं सांगून मात्र नेऊ नका. तोवर त्याच्या आई एकट्या जाऊन डॉक्टरांशी बोलू शकतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर २४ तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

घरात एकानेच बोलायचं. चौघांनी मिळून समजावलं की ताण वाढतो आणि भासही वाढतात. आवाजावर वाद नको, हो ला हो पण नको. "मला नाही ऐकू आलं, पण तुला त्रास होतोय ना?" एवढं पुरे. गांजा ओढतो का, हे न ओरडता विचारा. ओढत असेल तर तो थांबवणं सगळ्यात तातडीचं. रात्रीचा चहा-कॉफी बंद, उठायची वेळ रोज एकच.

दोन रात्री अजिबात झोप नाही, आवाज हुकूम देतात, जेवणात विष आहे म्हणून ताट सारतो, मरणाचं बोलतो: यातलं एकही दिसलं तर भेटीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या औषधांचा डबा कुलपात ठेवा. वडिलांच्या गोळ्याही त्यातच.